भर की भेसळ?

मी सिलिकॉनवर पोट भरतो. माझे वडील सिलिकोनवर भरायचे. फरक म्हटला तर एका अक्षराचा.

सिलिकॉन हे मूलद्रव्य. वाळूत ते ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं असतं. तिथून सोडवून शुद्ध केलं की त्याच्या चिप होतात, आणि त्या चिपांच्या जिवावर माझ्यासारखे हजारो लोक खुर्चीत बसून कोड लिहितात. सिलिकोन म्हणजे त्याच सिलिकॉनचे आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक गुंफून केलेली लांबलचक साखळी, जिच्या दोन्ही अंगांना कार्बनचे छोटे गट लटकलेले असतात. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच, स्मार्टवॉचचा पट्टा, केकचा मऊ साचा हे सगळं सिलिकोन रबर.

मध्यंतरी एक रील फिरत होतं. तुम्हीही पाहिलं असेल. एक बाई सिलिकोनचा साचा चिमटीत धरून पिळते. पिळलेल्या जागी पांढरा पट्टा उठतो. ‘पाहिलंत? यात फिलर आहे, म्हणजे भेसळ आहे. फेकून द्या.’

मी ते रील तीनदा पाहिलं. कारण ‘पावडर’ हा शब्द आमच्या घरात पंधरा वर्षं कोणी उच्चारत नव्हतं.

अंबडचा गाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पप्पांचा भाड्याचा गाळा होता. एक दोन रोलची मिल, तीन हायड्रॉलिक प्रेस, एक ओव्हन, चार कामगार. खाद्यपदार्थांच्या मशीनना लागणाऱ्या पांढरट सिलिकोन रिंगा तिथे बनत.

काम ऐकायला सोपं आहे. सिलिकोनचा तयार बेस, म्हणजे मऊ कणकेसारखा गोळा, व्यापाऱ्याकडून खोक्यांत यायचा. तो मिलवर घेऊन त्यात पेरॉक्साइडची पेस्ट मिसळायची. लाद्या काढायच्या, पट्ट्या कापायच्या, साच्यात भरून १७० अंशांच्या आसपास दाबायच्या. उष्णतेने पेरॉक्साइड फुटतं, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि कणकेचं रबर होतं. मग कडेचा फ्लॅश काढायचा आणि रिंगा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवायच्या.

जुलै २०१० ची गोष्ट. मी आठवीत होतो. शनिवारी संध्याकाळी मिलवरून काढून ठेवलेल्या लाद्या सोमवारी सकाळी कडक झाल्या होत्या. वाकवल्या की शिळ्या भाकरीसारख्या तुटत. पप्पांनी त्या पुन्हा मिलवर घातल्या. आधी चुरा झाला, मग हळूहळू गोळा झाला, मऊ झाला, आणि माल प्रेसवर गेला. त्या महिन्यात हे तीन-चार वेळा झालं. रिंगा बनल्या, पण काहींच्या पोटात बारीक बुडबुडे होते आणि काही साच्यातून काढतानाच फाटल्या.

पार्टी बाहेरगावची होती. तिचा माणूस पाहणीला आला त्या दिवशी पावसामुळे शाळेला सुट्टी होती, म्हणून मी गाळ्यातच होतो. त्याने टेबलावरची एक रिंग उचलली, चिमट्यात धरली आणि खालून लायटर लावला. पांढरा धूर निघाला. रिंग जळत गेली आणि टेबलावर पांढरीशुभ्र राख पडली.

‘बघा,’ तो म्हणाला, ‘पावडर मारलीय तुम्ही.’

तीन लॉट परत आले. पाठोपाठ डेबिट नोट आली. त्याहून वेगाने ती गोष्ट गल्लीत पसरली. पप्पा त्या दिवशीही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. २०१२ मध्ये गाळा बंद झाला. पप्पा सातपूरला दुसऱ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि रबराच्या वाटेला गेलो नाही.

खरं सांगायचं तर पावडर मारली असेल असंच मला वाटत होतं. धंदा कठीण होता, भाव पडलेले होते, घराचा हप्ता होता. मी मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं होतं. त्यांना विचारलं मात्र कधीच नाही.

गेल्या वर्षी सिडकोतल्या घराचा माळा रिकामा करताना लाल कापडी पाठीची एक लांब वही सापडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या रिंगा. वहीत प्रत्येक लॉटची तारीख, बेस कुणाचा, किती किलो, किती बाद. २०१० च्या पानांवर पप्पांच्या तिरक्या अक्षरात पुन्हा पुन्हा एकच नोंद होती: ‘माल कडक. परत मिल. मऊ.’

बग रिपोर्ट वाचण्याची मला सवय आहे. एकच एरर ठरावीक काळाने येत असेल तर तिला कारण असतं. मी शोधायला बसलो, आणि शोधता शोधता सव्वाशे वर्षं मागे गेलो.

नको असलेला चिकटा

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक स्टॅनली किपिंग नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९९ च्या सुमारास त्यांनी सिलिकॉनची कार्बनी संयुगं अभ्यासायला घेतली आणि पुढची जवळपास चार दशकं तेच केलं. पन्नासहून जास्त शोधनिबंध लिहिले. ‘सिलिकोन’ हे नाव त्यांचंच. कीटोन नावाच्या कार्बनी संयुगांशी याचं साम्य असेल या कल्पनेतून ते आलं. साम्य नव्हतं, नाव टिकलं.

किपिंगना हवे होते स्वच्छ स्फटिक. मिळायचा बऱ्याचदा डिंकासारखा चिकटा. तो त्यांना अडथळा वाटे. या शाखेत लवकर काही महत्त्वाचं घडेल अशी आशा वाटत नाही, अशा अर्थाचं त्यांचं मत १९३७ मध्ये छापून आलं. पुढे ज्या चिकट्यावर उद्योग उभे राहिले, तो त्यांच्या भांड्यांच्या तळाशी होता.

त्याच दशकात अमेरिकेत कॉर्निंग ग्लास वर्क्सला एक अडचण होती. काचेच्या धाग्यांचं कापड विजेच्या मोटरमध्ये इन्सुलेशन म्हणून वापरता येत होतं, पण ते बांधून ठेवणारं वॉर्निश उष्णतेने करपायचं. फ्रँकलिन हाइड या रसायनशास्त्रज्ञाने काच आणि प्लास्टिक यांच्या मधलं काहीतरी शोधता शोधता सिलिकोन रेझिन गाठलं. म्हणजे सिलिकोनची पहिली नोकरी विजेच्या खात्यात होती. नाशिकला हे पुढे लागू पडतं, म्हणून लक्षात ठेवा.

मग १० मे १९४०. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत युजीन रोकाव यांनी तापवलेल्या सिलिकॉनवरून, तांब्याच्या मदतीने, मिथाइल क्लोराइड वायू सोडला आणि सिलिकोनचा कच्चा माल थेट मिळवला. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनी स्वतंत्रपणे हीच वाट काढली. आजही जगातलं बहुतेक सिलिकोन याच पद्धतीने सुरू होतं. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. तिचं पहिलं उत्पादन उंचावर उडणाऱ्या विमानांच्या इंजिनातल्या इग्निशनचं ओलाव्यापासून रक्षण करणारी एक पेस्ट होती.

महायुद्ध संपण्याआधीच सिलिकोन रबरही आलं. सर्चलाइटच्या आणि विमानांच्या टर्बोसुपरचार्जरच्या गॅस्केटसाठी ते वापरलं गेलं. साधं रबर जिथे करपतं तिथे हे टिकायचं, आणि साधं रबर जिथे थंडीने काचेसारखं होतं तिथे हे मऊ राहायचं.

फक्त एक गडबड होती. त्याला ताकद नव्हती.

बोटांनी तुटणारं रबर

सिलिकोनच्या साखळ्या एकमेकींना फार हलकं ओढतात. त्या सैल आणि लवचीक असतात, म्हणून थंडीतही मऊ राहतात. पण त्याच कारणाने नुसता सिलिकोन गम क्युअर केला तर त्याची ताणशक्ती अर्ध्या मेगापास्कलपर्यंतही जेमतेम पोचते. सोप्या भाषेत, एक चौरस सेंटिमीटर जाडीची पट्टी चार-पाच किलोच्या वजनाने तुटते. असं रबर बोटांनी फाडता येतं.

आता रीलमधल्या बाईंना सांगायला हवं ते इथे आहे: पावडर नसलेलं शुद्ध सिलिकोन रबर तुम्ही बहुधा कधी पाहिलेलंच नाही. ते कुणाच्या कामाचं नसतं.

रबरात पावडर घालायची युक्ती त्याआधीची. सुरुवातीच्या मोटारींचे टायर फिकट रंगाचे असत, कारण त्यांत झिंक ऑक्साइड असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की काजळी घातली तर रबर कितीतरी जास्त टिकतं. टायर काळे झाले आणि काळेच राहिले. काजळी तिथे खर्च वाचवायला नव्हती, ताकद द्यायला होती.

सिलिकोनमध्ये मात्र काजळी अडचणीची. काही पेरॉक्साइडचं काम ती बिघडवते, आणि पुरेशी घातली तर रबर वीज वाहू लागतं. सुरुवातीला टायटेनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड अशा पावडरी घालून पाहिल्या गेल्या. रबर कडक झालं, पण ताकद फारशी वाढली नाही.

उत्तर आलं ते भलत्याच ठिकाणाहून. जर्मनीतल्या देगुसा कंपनीत हॅरी क्लोपफर टायरसाठी काळ्या काजळीला पर्याय शोधत होते, म्हणजे पांढरी काजळी. १९४२ मध्ये त्यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत जाळली. ज्योतीतून बाहेर पडली ती धुरासारखी हलकी, अतिशय बारीक सिलिका. ‘एरोसिल’ या नावाने ती विकली जाऊ लागली. आज तिला फ्युम्ड सिलिका म्हणतात. लिटरभराच्या डब्यात ती जेमतेम पन्नास ग्रॅम मावते.

तिची जादू तिच्या पृष्ठभागात आहे. नेहमीच्या एका प्रतीत एक ग्रॅम पावडरीच्या कणांचं पृष्ठफळ २०० चौरस मीटर भरतं. बॅडमिंटनचं कोर्ट साधारण ८२ चौरस मीटरचं. म्हणजे चिमूटभर पावडरीत अडीच कोर्टं. एवढ्या जमिनीवर सिलिकोनच्या साखळ्या टेकतात, चिकटतात, गुंततात. रबर ताणलं की भार एका साखळीवर न पडता अनेकींत वाटला जातो.

आणि मग तीच पट्टी, जी चार-पाच किलोने तुटत होती, ती ८०-१०० किलो पेलते. वीसपट! या जगात ‘फिलर’ हा शब्दच खोटा आहे. तो जागा भरत नाही, जीव भरतो.

जास्त झालेली जवळीक

आता वहीतल्या त्या नोंदीकडे येऊ. ‘माल कडक.’

सिलिकाच्या कणाच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात. फ्युम्ड सिलिकात दर चौरस नॅनोमीटरला दोन-तीन, आणि पाण्यातून साका बसवून केलेल्या स्वस्त सिलिकात त्याहून बऱ्याच जास्त. या जोड्यांना सिलिकोनच्या साखळीतला ऑक्सिजन आवडतो. त्या त्याला धरतात. एकमेकींनाही धरतात. हवेतल्या पाण्यालाही धरतात.

हे धरणं मिलवर माल फिरत असताना पुरं होत नाही. ते चालूच राहतं, कपाटात, रात्री, रविवारी. तासागणिक साखळ्या कणांवर जास्त घट्ट बसत जातात, कण एकमेकांना धरून जाळं करतात. मऊ गोळ्याचं घट्ट लाकूड होतं, तेही क्युअर न होता. रबरवाले याला क्रेप हार्डनिंग म्हणतात. पुन्हा मिलवर घातलं की जाळं मोडतं आणि माल मऊ होतो. पप्पा नेमकं तेच करत होते. जगभरच्या रबर कारखान्यांत हीच रीत आहे.

पण ही झाली मलमपट्टी. मूळ इलाज १९५० च्या दशकातच सुरू झाला होता. आधी बेसमध्ये आखूड साखळीचे सिलिकोन तेल किंवा डायफिनाइल सिलेनडायॉलसारखे पदार्थ घालायला लागले. ते लांब साखळ्यांच्या आधी जाऊन सिलिकाच्या त्या जोड्या अडवतात. मग १९६० च्या दशकात पावडरच आधी प्रक्रिया करून विकायला आली. सिलिकाच्या अंगावर सिलेन नावाच्या रसायनाचा थर असा चढवायचा की जोड्यांच्या जागी मिथाइलचे गट उभे राहतात. हे गट कुणालाच फारसे धरत नाहीत, पाण्यालाही नाही. अशी सिलिका पाण्यावर टाकली तर भिजत नाही, तरंगते. यासाठी एचएमडीएस नावाचं एक द्रव्य फार वापरतात. ते सिलिकाशी जुळताना अमोनिया सोडतं, म्हणून जिथे हे मिश्रण चालतं तिथे नाकाला झोंबणारा वास असतो.

हे मी आईला समजावून सांगत होतो. ती ऐकत ऐकत म्हणाली, ‘म्हणजे मोहन.’

मी गप्पच झालो. अगदी तेच. शंकरपाळ्यांच्या पिठाला आपण आधी कडकडीत तुपाचं मोहन चोळतो. पिठाच्या कणाकणावर तूप बसतं, मग पाणी किंवा दूध घातलं तरी पीठ चिवट होत नाही. मोहन घातलं नाही तर शंकरपाळ्या दगड. ‘आणि मोहन जास्त झालं तर तेलात विरघळतात,’ आई म्हणाली.

तेही खरं ठरतं. सिलिकावर थर पुरता बसवला तर माल पटकन मिसळतो, मऊ राहतो, महिनोन् महिने टिकतो, साच्यात सहज वाहतो, रबर जास्त ताणलं जातं. पण कणांनी साखळ्यांना धरायचंच सोडलं तर ताकद कुठून येणार? म्हणून काही जोड्या मोकळ्या ठेवतात, किंवा थरातच व्हिनाइलसारखे गट घालतात, जे क्युअर होताना साखळीशी पक्के जोडले जातात. धरायचं, पण योग्य ठिकाणी. आमच्या कामात जुन्या सिस्टिमला हात न लावता बाहेरून रॅपर चढवतात. आतली सिस्टिम तीच, वागणं वेगळं. सिलिकाचंही तसंच. आतला कण तोच, बदलतं फक्त अंग.

पुढे पाण्यासारखं नाही तरी मधासारखं वाहणारं द्रव सिलिकोन रबर आलं, जे इंजेक्शन मशीनमधून काही सेकंदांत साच्यात जातं. बाळांच्या बाटल्यांची बुचं त्याचीच. अंगावर थर चढवलेली सिलिका नसती तर ते पंपातून पुढे सरकलंच नसतं.

तारांवरच्या राखाडी छत्र्या

हा खेळ फक्त गॅस्केटपुरता नाही. अंबड आणि सातपूर सोडून एकलहऱ्याच्या रस्त्याला लागलात की मान वर करा.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. अशा केंद्रांतून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा मनोऱ्यांवर टांगायला पिढ्यान् पिढ्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बशा वापरल्या. त्यांचा शत्रू आहे धूळ, राख आणि ओल. बशीवर राख-धुळीचा थर बसतो, धुक्याने किंवा रिमझिम पावसाने तो भिजतो, भिजलेल्या थरातून वीज सरकते आणि लाइन ट्रिप होते. उत्तर भारतात हिवाळ्यातल्या दाट धुक्यात हे इतक्या वेळा झालं की प्रदूषित पट्ट्यांतल्या लाइनवर पॉवरग्रिडने चिनी मातीच्या जागी पॉलिमर इन्सुलेटर बसवायला घेतले. त्या राखाडी छत्र्या म्हणजे सिलिकोन रबर.

सिलिकोनवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. पण खरी कमाल पुढे आहे. सिलिकोनच्या छत्रीवर राखेचा थर बसला तर रबरातल्या आखूड साखळ्या हळूहळू वर झिरपतात आणि त्या राखेलाही पाणी झटकायला लावतात. घाणीवर स्वतःचं मोहन चोळणारं रबर!

या छत्र्यांत सिलिकाबरोबर आणखी एक पावडर भरपूर असते: ॲल्युमिना ट्रायहायड्रेट. तिच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणी असतं, रासायनिक रूपात बांधलेलं. छत्रीवर ठिणगी खेळू लागली की तापलेल्या जागी ही पावडर पाणी सोडते, जागा थंड करते आणि रबर कोळपून विजेची वाट तयार होऊ देत नाही. पण ही पावडर तशीच घातली तर रबर आणि कण यांच्या फटीतून ओल शिरते. म्हणून तिलाही सिलेनचा थर देतात.

नाशिक हे स्विचगिअरचं गाव. एबीबी, सीमेन्स, सीजी पॉवर यांचे कारखाने इथे आहेत, आणि विजेच्या उपकरणांच्या या जगात सिलिकोन रबर सगळीकडे भेटतं. म्हणजे माझ्या शाळेच्या वाटेवर जी वीज वाहत होती, ती कुठे ना कुठे एका नीट मोहन घातलेल्या पावडरीच्या भरवशावर होती. आणि त्याच गावात, एका गाळ्यात, ‘पावडर’ ही शिवी होती.

वही पुन्हा वाचताना

इतकं वाचून झाल्यावर मी वही घेऊन पुन्हा बसलो. यावेळी ‘बेस कुणाचा’ हा रकाना पाहिला. मे २०१० पर्यंत एका व्यापाऱ्याचं नाव. जूनपासून दुसऱ्याचं. नव्या नावासमोर भाव लिहिलेला, किलोमागे चाळीस रुपये कमी.

नेमकं काय झालं असेल याचा अंदाज आता मला बांधता येतो. नव्या बेसमध्ये बहुधा स्वस्त, साका बसवलेली सिलिका होती आणि तिच्यावरचा थर कमी किंवा नव्हताच. जून कोरडा गेला तोवर निभावलं. जुलैत नाशिकची हवा ओलीचिंब झाली. सिलिकाच्या मोकळ्या जोड्यांनी पाणी धरलं. माल रात्रीत कडक व्हायला लागला, आणि तापल्यावर तेच पाणी वाफ होऊन रिंगांच्या पोटात बुडबुडे करून गेलं.

हे कळायला मला काही संध्याकाळी लागल्या. पण मला इंग्रजी वाचता येतं, पेटंट शोधता येतात, आणि वाचताना दारात पार्टी उभी नसते. सिलिकाच्या अंगावरच्या थराचं ज्ञान १९५० च्या दशकापासून जगात होतं. अंबडच्या गाळ्यात मात्र ते ज्ञान म्हणून कधी आलं नाही. ते आलं किलोमागे चाळीस रुपयांचा फरक म्हणून, आणि तो फरक कशाचा हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

आणि ती राख? ती तर सगळ्यात सोपी निघाली. सिलिकोनच्या साखळीचा कणाच सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. हवेत जाळलं की त्यातला बराच भाग सिलिका होऊन मागे राहतो. उत्तम सिलिकोन जाळा, पांढरी राख. वाईट जाळा, पांढरी राख. रबर खरंच सिलिकोन आहे की नाही हे ओळखायला लोक हीच खूण वापरतात. आतली पावडर मोजायची असेल तर नायट्रोजनमध्ये तापवावं लागतं. तिथे साखळी तुटून उडून जाते आणि मागे जास्त करून पावडर उरते. लायटरला हे जमत नाही.

चिमटीत उठणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याचंही थोडंफार असंच. खडूसारखी स्वस्त भर कोंबली असेल तर तो उठतो हे खरं. पण तो सांगतो ते इतकंच, की ताण पडल्यावर कण आणि रबर यांची पकड सुटतेय. पावडर आहे की नाही हे तो सांगत नाही, कारण पावडर सगळ्यांतच आहे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा पप्पांसमोर वही ठेवली.

‘पप्पा, जूनमध्ये बेस बदलला होता तुम्ही?’

‘बदलला होता. स्वस्त मिळाला म्हणून घेतला.’ ते लपवत नव्हते. ‘चूक झालीच ती. एक खोकं आणून आधी करून बघायला पाहिजे होतं.’

‘आणि पावडर?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘गाळ्यात पावडर होती कुठे रे? तू तर यायचास.’

यायचो. मिल आठवते, प्रेस आठवतात, फ्लॅशचे ढीग आठवतात, पोतं एकही आठवत नाही. मी तेरा वर्षांचा होतो आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गाळ्यापेक्षा एका लायटरवर मी जास्त विश्वास ठेवला होता.

मी पिशवीतली २००७ च्या लॉटची एक रिंग काढली. जुन्या व्यापाऱ्याच्या बेसची. या लॉटमधला एकही नग परत आला नव्हता, वहीत तसं लिहिलेलं आहे. गॅलरीत जाऊन ती पकडीत धरली आणि पेटवली. पांढरा धूर निघाला. खाली ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत राख पडली, पांढरीशुभ्र.

पप्पा बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिले. मग बोटाने राख थोडी पसरवली.

‘त्या दिवशी जुन्या लॉटची रिंगही टेबलावर होती,’ ते म्हणाले. ‘दाखवायला म्हणून काढून ठेवली होती. ती कोणी जाळून बघितली नाही.’

थोडं थांबून म्हणाले, ‘मीही नाही.’